खाड्याचा खेळ

संपादकांनी यंदा विषय दिला, ‘यजमान’. सोबत ताकीद दिली की अतिथिधर्माच्या पुराणकथा नकोत आणि हुरडा पार्टीही नको. मी कळमेश्वरचा. आमच्याकडे परगावचा माणूस घोळक्यानं येतो तो दोनच निमित्तांनी. संत्र्याचा बहार निघाला की व्यापारी येतात आणि मंडळानं स्पर्धा भरवली की कबड्डीचे संघ येतात. संत्र्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. उरली कबड्डी.

कबड्डीवरच लिहायचं म्हणून एका संध्याकाळी मैदानावर गेलो, तर तिथं पोरं भलत्याच चेंडूशी झोंबत होती. लंबगोल, पपईसारखा. एका शाळेतले क्रीडाशिक्षक कुठल्याशा शिबिराला गेले होते, तिथून त्यांनी तो रग्बीचा चेंडू आणला होता. टप्पा पडला की कुठल्या दिशेला उडेल याचा काही भरवसा नाही, आणि पोरांना गंमत त्याचीच. मास्तर मला म्हणाले, “यजमानावरच लिहाचं आहे ना, मंग एखादा रग्बीचा सामना पाहून या. पगार नाही, बक्षीस नाही, अन् घरच्या संघालेच सारी उस्तवार करावी लागते. आपल्यासारखंच आहे सारं.”

मी गेलो. पण आधी ‘आपल्यासारखं’ म्हणजे कसं ते सांगतो.

मुरूम, फक्की, सतरंज्या

आमची जमीन काळी. कापसाला चांगली, खेळाला वाईट. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती बुटाला चिकटते; चार पावलं टाकली की प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. म्हणून कबड्डीचं मैदान आयतं मिळत नाही, ते आणावं लागतं. मुरूम किंवा लाल माती ट्रॉलीनं येते. चाळणीनं खडे काढायचे, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, परत पाणी मारायचं. मग दोरी ताणून फक्कीनं तेरा मीटर बाय दहा मीटर आखायचं. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. आखणाऱ्याचा हात हलला तर सरपंच सामना थांबवून रेषा पुन्हा मारायला लावतात. गावाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कबड्डीतला मुख्य पंचही सरपंचच असतो आणि ग्रामपंचायतीतल्या सरपंचापेक्षा त्याचं जास्त ऐकलं जातं.

मग वर्गणी. किराणा दुकान, कृषी केंद्र, मोबाइलवाला, बारवाला. पहिलं बक्षीस एका पुढाऱ्याकडून, दुसरं त्याच्या विरोधकाकडून, आणि फ्लेक्सवर दोघांचे फोटो सारख्या मापाचे. पाहुण्या संघांची झोपण्याची सोय शाळेच्या वर्गात, बाकं सरकवून, सतरंज्यांवर. जेवणाला वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या आणि अंतिम सामन्याच्या दिवशी बुंदी. एखादा संघ सकाळीच हरला तरी त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. गाव नाव ठेवतं.

ही झाली दिसणारी कामं. न दिसणारं काम म्हणजे संघ उभा करणं. आमच्या एमआयडीसीत पोलादाला लेप देणाऱ्या कारखान्यापासून लहानसहान शेडपर्यंत बरंच काही आहे, आणि मैदानावरची निम्मी पोरं तिथं कामाला. फस्ट, सेकंड, नाईट. कर्णधाराच्या मोबाइलमध्ये डावपेचांपेक्षा शिफ्टांचं वेळापत्रक जास्त सापडतं. अमक्याची नाईट आहे म्हणजे तो सकाळी झोपेतून उठून येणार. तमक्याची सेकंड, म्हणजे दोनच्या आत सामना व्हायला हवा. जो कंत्राटदाराकडं रोजावर आहे त्यानं काय करायचं? त्यानं खाडा पाडायचा. त्या दिवसाची हजेरी जाते आणि आठवडाभर खाडा नसेल तर मिळणारे वरचे पैसेही जातात. चढाईत मध्यरेषा ओलांडण्याआधीच त्याचे काहीशे रुपये बाद झालेले असतात.

एकाला विचारलं, घरी काय सांगतोस? तो म्हणाला, “घरी सांगतो ड्यूटीवर चाललो. अन् कंपनीत सांगतो घरी काम आहे.”

कुंपणाशी

मुंबईत रग्बी म्हटलं की बॉम्बे जिमखाना. आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला, महात्मा गांधी रस्त्याला लागून. क्लब १८७५ सालचा, आणि सुरुवातीला फक्त युरोपियनांचा. क्रिकेटवाल्यांना हे मैदान वेगळ्या कारणानं ठाऊक असतं. भारतात झालेला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये इथंच झाला. आपण हरलो, पण लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या. हिवाळ्यात तिथं अजूनही क्रिकेट चालतं आणि पावसाळा लागला की रग्बीचे खांब उभे राहतात, इंग्रजी एच अक्षरासारखे.

इंग्लंडात हा खेळ थंडीतला, आपल्याकडे तो पावसाळ्यात आला. कारण साधं आहे. यात माणूस दर मिनिटाला जमिनीवर आपटतो आणि मे महिन्यातल्या मुंबईच्या मैदानावर आपटला तर कातडी तिथंच राहील. कोलकात्यातही हेच. इंग्लंडातल्या खेळाला आषाढ-श्रावण मानवला, हा विनोद हवामानानं केला आहे.

मी आत जाण्याची खटपट केली नाही. आझाद मैदानाच्या बाजूनं कुंपणाशी छत्री घेऊन उभा राहिलो. पाऊस होता नव्हता असा. माझ्या शेजारी एक चहावाला, दोन पोरं आणि न्यायालयातून आलेला काळ्या कोटातला एक माणूस. घरचा संघ आधीपासून मैदानात होता. खेळणारेच खांबांना गुबगुबीत पॅड बांधत होते, कोपऱ्यांत झेंडे रोवत होते आणि एकजण आखलेली रेषा पावसानं कुठं कुठं धुतली गेली ते पाहत फिरत होता. म्हणजे इथंही फक्कीची चिंता आहेच.

हौशी रग्बीत घरचा सामना म्हणजे मैदान आखून देणं एवढंच नसतं. सामन्याचे चेंडू यजमानाचे. प्रथमोपचाराची पेटी आणि ती उघडता येणारा माणूस यजमानाचा. पंच बाहेरचा, पण त्याला पाणी विचारायचं, टॉस करायला बोलवायचं, कपडे बदलायला जागा द्यायची, हे सारं यजमानाकडं. आणि सामना संपल्यावर पाहुण्यांना खाऊ घालणं. रग्बीवाले त्याला ‘तिसरा हाफ’ म्हणतात. चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन हाफ एकमेकांना गाडण्यात घालवायचे आणि तिसरा एकत्र खाण्यापिण्यात. शेवटची शिट्टी झाली की एक संघ दोन रांगा करून मध्ये बोळ ठेवतो, दुसरा टाळ्यांच्या गजरात त्यातून जातो, मग अदलाबदल. हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्याचं डोकं काखेत धरून दहा मिनिटांपूर्वी चिखलात घुसवलं होतं, त्याच्याच पाठीवर थाप.

आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. अख्ख्या सामन्यात पंचाशी बोलत होते ते फक्त दोन्ही कर्णधार. बाकी अठ्ठावीस जण ओठ आवळून. आमच्याकडं एका बोनस गुणावरून प्रेक्षकांसकट सगळे पंचाला घेरतात, हे आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

मागे फेकत पुढे

खेळ समजायला मला वेळ लागला. चहावाल्यानं मदत केली. त्यानं बरेच सामने पाहिले असावेत.

संघात पंधरा जण. पहिले आठ आडदांड, मागचे सात पळणारे. चेंडू हातात घेऊन पळता येतं, लाथही मारता येते, पण हातानं पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो मागच्यालाच. म्हणजे संघ पुढे सरकतो आणि चेंडू दर वेळी मागे जातो. समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडं जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. त्यानंतर खांबांमधून लाथ मारली तर आणखी दोन. पेनल्टीची लाथ तीनची.

कबड्डी जाणणाऱ्याला यातली पकड लगेच कळते. घोट्यात सूर, कमरेला मिठी, मागून साखळी. फरक एवढाच की इथं खांद्याच्या वर हात गेला की शिट्टी, आणि गुन्हा मोठा असेल तर पिवळं कार्ड, दहा मिनिटं बाहेर. दुसरा फरक जास्त खोल आहे. कबड्डीत पकडला गेलेला बाद होतो, संघ एकानं कमी होतो. रग्बीत पडलेल्यानं चेंडू फक्त सोडायचा. मग त्याच्या अंगावरून दोन्हीकडचे एकमेकांना ढकलू लागतात. ते संपलं की तो उठतो आणि परत रांगेत. पडणं हा तिथं खेळाचाच भाग, शिक्षा नव्हे.

आणि स्क्रम. आठ विरुद्ध आठ, खांद्याला खांदा गुंतवून, वाकून, डोकी एकमेकांत अडकवून. पंच ओरडतो, “क्राऊच, बाइंड, सेट!” आणि सोळा जणांचं वजन एका क्षणात भिडतं. लांबून ते भांडणासारखं दिसतं. प्रत्यक्षात ती सगळ्यांत काटेकोर गोष्ट आहे, कारण पुढच्या फळीतल्या माणसाची मान चुकीच्या कोनात गेली तर आयुष्यभराचं अपंगत्व येऊ शकतं. म्हणून नियम असा की पुढच्या फळीत शिकलेलाच माणूस हवा. तो जखमी झाला आणि बदली तयार नसेल तर स्क्रम नुसता नावापुरता, न ढकलता. हौशी क्लबांची सामन्याच्या सकाळची धावपळ बहुतेक याच माणसासाठी असते. वेगानं पळणारे मिळतात. मान देणारा मिळत नाही.

डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी हौशी सामन्यात खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. कबड्डीत आम्ही तोंडावर पाणी मारून पोराला उभं करतो आणि टाळ्या वाजवतो. हे थांबायला हवं, असं मला त्या कुंपणाशी उभं राहून वाटलं.

काही खेळाडूंनी डोक्याभोवती, कानांवरून पट्टी गुंडाळली होती. स्क्रममध्ये कान घासून घासून त्यात रक्त साकळतं आणि कान कायमचा मुडपतो. कोल्हापूरच्या तालमीत असा मोडलेला कान म्हणजे मेहनतीची पावती. पोरगी पाहायला गेलेल्या पैलवानाचे कान आधी पाहतात म्हणे. इथं मात्र तो वाचवायला पट्टी. सोमवारी ऑफिस असतं.

सहा शिलिंग

सोमवारच्या ऑफिसावरूनच हा खेळ एकदा उभा फाटला होता. ती हकिकत कळमेश्वरच्या पोरांनी ऐकावी अशी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर इंग्लंडात रग्बी गिरणीकामगारांचा आणि खाणकामगारांचा खेळ झाला होता, दक्षिणेत तो पदवीधरांचा आणि वकील-डॉक्टरांचा. सामना शनिवारी, आणि उत्तरेत शनिवारी अर्धा दिवस काम असे. लांबच्या गावी खेळायला जायचं तर रोज बुडायचा. उत्तरेच्या क्लबांनी मागणी केली की बुडालेल्या रोजाची भरपाई देऊ द्या. इंग्रजीत तिला लांबलचक नाव आहे. आपल्याकडं एका शब्दात भागतं, खाड्याचे पैसे. दक्षिणेच्या मंडळींनी नाक मुरडलं. त्यांच्या मते खेळासाठी पैसा घेणं म्हणजे खेळ बाटवणं. परवडत नसेल तर खेळू नये. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांनी खाड्याची भरपाई ठरवली दिवसाला सहा शिलिंग. पुढं १८९८ मध्ये त्यांनी पगारही मान्य केला, पण एका अटीवर, की खेळाडूला दुसरी नोकरी हवी. वेगळ्या झालेल्यांनी काही वर्षांनी संघ तेरा जणांचा केला, नियम बदलले, आणि त्यातून रग्बी लीग हा निराळाच खेळ झाला. मूळच्या रग्बी युनियनवाल्यांनी हौशीपणाचं सोवळं शंभर वर्षं पाळलं. तिकडं पैसे घेऊन खेळलेल्याला इकडं मैदानावर पाय ठेवू देत नसत. १९९५ च्या ऑगस्टमध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, त्यांनीही सोवळं सोडलं.

‘हौशी’ हा शब्द मला तेव्हापासून जरा संशयास्पद वाटतो. हौस कुणाला परवडते, हे त्यात झाकलेलं असतं. मराठी कबड्डीनं हा गुंता आपल्या पद्धतीनं सोडवला. मुंबईच्या स्पर्धांत बँका, रेल्वे, पोलीस यांच्या संघांचा व्यावसायिक गट वेगळा आणि गल्लीतल्या मंडळांचा स्थानिक गट वेगळा. चांगला खेळलास तर नोकरी. नोकरीत खेळायला रजा. खाड्याचे पैसे देण्याऐवजी खाडाच मोडीत काढला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा लिलावाचे आकडे ऐकून गावचे डोळे फिरले, पण गावातल्या पोराचं खरं स्वप्न अजून रेल्वेतलंच आहे. आता तशी भरती आटत चालल्याची तक्रार मी मैदानामैदानावर ऐकतो.

रग्बीवाल्यांच्या एका जुन्या क्लबाची गोष्ट इथंच सांगतो, कारण ती आपल्या देशातली आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७३ मध्ये निघाला आणि पाच वर्षांत बंद पडला. पलटणी बदलून गेल्या, उरलेल्यांना पोलो आणि टेनिस बरं वाटू लागलं, आणि क्लबातली फुकट दारू बंद झाली तशी सभासदांची हौसही उतरली, असं सांगतात. शिल्लक रकमेचं काय करायचं? त्यांनी २७० चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवला, तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती, आणि तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. १८७९ पासून आजतागायत इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपासाठी भांडतात. बंद पडलेल्या मंडळाची शिल्लक आमच्याकडं कुठं जाते ते मी इथं लिहीत नाही.

रस्त्यापलीकडची पोरं

जिमखान्यासमोर रस्ता ओलांडला की फॅशन स्ट्रीट. टी-शर्ट, जीन्स, घासाघीस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मॅथ्यू स्पेसी नावाचा एक इंग्रज जिमखान्याकडून रग्बी खेळत असे. कॉक्स अँड किंग्ज या पर्यटन कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता. त्या फुटपाथवर राहणारी पोरं सरावाला कुंपणापाशी येऊन पाहत उभी राहायची. त्यानं त्यांना आत बोलावलं. पोरं पडायला भीत नव्हती. फुटपाथवर वाढलेल्यांना चिखल म्हणजे गादी. पाहता पाहता त्यांचा संघ झाला. त्यातूनच १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था निघाली, जी आज खेळाच्या निमित्तानं गरीब वस्त्यांतल्या मुलांचं शिक्षण आणि नोकरी यांत लक्ष घालते.

या गोष्टीत मला खटकतं ते एवढंच, की ती सांगताना आत बोलावणाऱ्याचं नाव घेतलं जातं आणि आत गेलेल्यांचं नाही. मीही तेच केलं.

भारताचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला १९९८ मध्ये. त्या संघात अभिनेते राहुल बोस होते, आणि पुढं तेच ‘रग्बी इंडिया’चे अध्यक्ष झाले. पण चार पावलं पुढं गेल्या त्या मुली. २०१९ च्या जूनमध्ये मनिला इथं पंधरा जणींच्या सामन्यात भारतानं सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. त्या प्रकारातला आपला तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरूचा. शेवटच्या क्षणी पेनल्टीची लाथ मारून सामना जिंकून दिला तो ओडिशाच्या सुमित्रा नायकनं. आदिवासी मुलांच्या ज्या निवासी संस्थेत ती घडली, भुवनेश्वरच्या त्या ‘किस’मधली मुलं २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालच्यांची स्पर्धा जिंकून आली होती. या खेळाची खरी भरती जिमखान्यांतून नव्हे, वसतिगृहांतून आणि वस्त्यांतून होते आहे, हे आता उघड आहे.

पैसाही आला आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, सात-सात खेळाडू, सोळा मिनिटांचे सामने, परदेशी तारे. आमच्या मैदानावरच्या पोरांनी ते मोबाइलवर पाहिलं होतं. पंधरा जणांचा ऐंशी मिनिटांचा, चिखलातला खेळ मात्र त्यांनी पाहिला नव्हता.

परत

परत आलो तो रविवार होता. नागपूरहून कळमेश्वरला उतरलो आणि पिशवी न ठेवताच मैदानावर गेलो. पाऊस उघडला होता. मुरुमाचा चौकोन तेवढा कोरडा, भोवती काळा रेंदा. मास्तरांनी त्या चौकोनातच पोरांना उभं केलं होतं आणि लंबगोल चेंडू एकाकडून दुसऱ्याकडं मागे मागे जात होता. एक जण वैतागला, “सर, पुढं फेकाचाच नाही म्हणता, मंग पुढं जाचं कसं?”

“पाय कशाले देल्ले?” मास्तर म्हणाले.

पोरं माझ्याभोवती जमली. मी स्क्रम सांगितला, पट्टी बांधलेले कान सांगितले, टाळ्यांची बोळ सांगितली. सहा शिलिंगचंही सांगितलं. ते ऐकून कंत्राटदाराकडचा पोरगा नीट वळून बसला. “म्हणजे त्याईले खाड्याचे पैसे भेटले?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, भेटले, पण त्यासाठी वेगळा खेळच काढावा लागला. तो काहीतरी हिशेब करत राहिला आणि मग घड्याळ पाहून उठला. त्याची सेकंड होती.

दुसऱ्यानं विचारलं, “पाहुण्याईले जेवाले काय देल्लं?”

मी म्हटलं, ते आत होतं. मी कुंपणाबाहेर होतो.

“बाहेरच?” तो म्हणाला. “तुमाले कोणी चहाही नाही विचारला?”

चहा मी घेतला होता, चहावाल्याकडून. पैसे देऊन. तेही सांगितलं.

“मंग काय पाहून आले बाप्पा,” तो म्हणाला आणि चेंडू उचलून मैदानात गेला.